मक्याचं सरकारी अनुदान: विमा उत्तम, पीएलसी बेताचं

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका ग्रामीण कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मी शेतकऱ्यांचे हिशेब लिहिते. गिऱ्हाइकं बहुतेक मका-सोयाबीनवाली. वॉशिंग्टनहून येणारा पैसा कुठून आला आणि कुठे मुरला, हे माझ्या वहीत दिसतं. म्हणून हा अभिप्राय.

आधी चांगलं. पीकविमा ही यातली खरी सेवा. पॉलिसी खासगी एजंटकडून घ्यायची, पण हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं. फेब्रुवारीत शिकागोच्या बाजारात डिसेंबरला द्यायच्या मक्याच्या वायद्याचा जो सरासरी भाव निघेल, त्यावर हमी ठरते. कमाईची (भाव आणि पीक दोन्ही धरणारी) पॉलिसी घेतली असेल आणि ऑक्टोबरचा भाव त्याहून चढा निघाला, तर हमीही वर सरकते. मार्चच्या मध्यापर्यंत सही केली की बँकवाला पीककर्जाचं बोलतो, त्याआधी फारसं नाही.

आता पीएलसी आणि एआरसी, या सरकारच्या दोन अनुदान योजना. भाव पडला तर पहिलं, कौंटीची एकरी कमाई (भाव गुणिले पीक) घसरली तर दुसरं. भाव आणि पीक दोन्ही अजून पोटात असताना यातलं एक निवडायचं. पैसे येतात कापणीनंतरच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. २०१९ च्या मक्याला सरासरी भाव मिळाला बुशेलला (साधारण २५ किलोला) ३.५६ डॉलर, सरकारने ठरवलेला भाव ३.७०. फरक १४ सेंटचा. शंभर एकर 'बेस' (अनुदानासाठी कागदावर नोंदलेले एकर), त्याच्या ८५ टक्क्यांवर, एकरी १५० बुशेल धरून हिशेब केला तर १,७८५ डॉलर, कपात वेगळी. तोवर बियाण्याचं बिल केव्हाच भरून झालेलं असतं. २०२५ च्या पिकापासून ठरलेला भाव ४.१० झालाय, म्हणजे आकडे सुधारतील.

मला खुपतो तो 'बेस'. हे एकर पूर्वीच्या पेरणीवरून कागदावर चढलेले. सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीसारखे ते जमिनीला चिकटून राहतात. यंदा तिथे सोयाबीन पेरलं तरी मक्याच्या बेसचे पैसे मिळू शकतात. उलट मका उभा आहे पण बेस नाही, तर पीएलसीतून एक सेंट नाही. रोख भाड्याने कसणाऱ्याला चेक मिळतो खरा, पण पुढच्या कराराला भाडं वाढतं आणि तो चेक मालकाच्या खिशात जातो. माझ्या वहीत हे इतक्यांदा दिसलंय की आता नवल वाटत नाही.

मधूनच येणाऱ्या तातडीच्या मदतीचं तर काही सांगूच नका. २०१८ च्या व्यापारयुद्धात सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट! तो सेंट वहीत चढवताना मला हसू आवरेना. गिऱ्हाईक मात्र हसलं नाही.

एक गोष्ट मला मनापासून आवडते: कौंटीची शेतकरी समिती निवडून येते, म्हणजे निदान एखादा माणूस तरी मातीतला असतो. बाकी फॉर्म भरपूर, भाषा वकिली, आणि नवऱ्या-बायकोच्या नावांनी अनुदानाची वेगवेगळी मर्यादा लावून घ्यायची तर कागद आणखी दुप्पट.

विम्याला पाचपैकी साडेचार तारे, पीएलसी-एआरसीला अडीच. जमीन भाड्याने घेणार असाल तर भाव ठरवण्याआधी मालकाकडून दोन आकडे लेखी घ्या: मक्याचा बेस किती एकर, आणि त्यावर एकरी किती बुशेल नोंदलेत.