नुसत्या झेरॉक्स मागू नका, फाइल बघायला जा (माहिती अधिकारातली अभिलेख तपासणी, 5 पैकी 4 स्टार)

पहिल्यांदा माहिती अधिकारात अर्ज टाकला तेव्हा मी "सर्व कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात" असं लिहून मोकळी झाले आणि हातात आलं दोन ओळींचं पत्र. मग एका जाणत्या काकांनी सांगितलं की अगं, प्रती कशाला मागतेस, तपासणी माग, कायद्यातच आहे की कागद स्वतः बघायचे, टिपणं काढायची आणि पाहिजे त्याच पानांच्या साक्षांकित प्रती घ्यायच्या. तेव्हापासून मी हाच रस्ता धरलाय.

माझा विषय घरचाच. आजोबांचं बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत, मुठा नदीपासून हाकेच्या अंतरावर. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, आदल्या रात्री जवान वाळूची पोती टाकत होते तरी धरण राहिलं नाही, मागोमाग खालचं खडकवासला धरणही गेलं आणि मुठा पेठांमधे शिरली. घर गेलं, मग गोखलेनगरच्या निसन झोपडीत (अर्धगोल पत्र्याचं तात्पुरतं घर) काही वर्षं काढली आणि पुढे जागा मिळाली. ती जागा कुठल्या अटींवर मिळाली हे घरात कुणालाच धड माहीत नाही, म्हणून ही सगळी धावपळ.

आधी कुठल्या ऑफिसात काय असतं ते समजून घ्या, माझा इथेच महिना गेला. प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेकडे, सरकारी जमिनीचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे, बांधकाम परवानगी महापालिकेकडे, पूररेषा पाटबंधारेकडे. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तरी घाबरू नका, 5 दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांचीच आहे. खर्च म्हणाल तर अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तपासणीचा पहिला तास फुकट, पुढे दर 15 मिनिटांना 5 रुपये. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर बसवा.

आता एक स्टार का कापला ते सांगते. एका ऑफिसने (नाव घेत नाही) लेखी कळवलं की फाइल सापडत नाही. मला खूप लागलं ते. याच पुण्यात पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचे, सुमारे 39 हजार रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) जपून ठेवलेत, मोडीतले कोट्यवधी कागद, त्यातूनच इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 34 मधे 45 खंड काढले, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचं पत्र सापडतं आणि माझ्या आजोबांचा 1961 नंतरचा अर्ज सापडत नाही? मी गप्प बसले नाही, 30 दिवसांच्या आत पहिलं अपील केलं, 20 रुपयांचा स्टॅम्प लावला, आणि त्यात एवढंच लिहिलं की माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मधे दिलीयेत, त्यात "फाइल सापडत नाही" कुठेच नाही, शिवाय 20 वर्षांहून जुन्या गोष्टींना कलम 8 मधली नकाराची बहुतेक कारणं लागूच होत नाहीत. सुनावणीनंतर फाइल निघाली!

बाकी सगळे स्टार फाइल तपासायला गेले त्या दुपारचे. फाइल हातात आली की घाई करू नका, डावीकडची टिपणीची पानं आधी वाचा कारण खरी गोष्ट तिथेच असते, कुणी काय शेरा मारला, कुठे अडलं, कुणी सही करायला किती महिने लावले. शेवटचा आदेश त्यामानाने कोरडा असतो, तो एकटा मागवला असता तर मला यातलं काहीच कळलं नसतं. अटींचं पान मिळालं, हस्तांतराला परवानगी लागते हे त्यात स्वच्छ लिहिलंय.

त्याच्या मागे आजोबांचा मूळ अर्ज होता. निळी शाई, पाण्याने नव्हे तर वयाने पुसट झालेली, घरातली माणसं सात, आणि शिल्लक सामान या रकान्यात फक्त "शिवणयंत्र". ते मशीन अजून आईकडे चालू आहे. फोटो काढू दिले नाहीत म्हणून त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली, 2 रुपये.