टवका भरायचं किट: रेझिन उत्तम, माहितीपत्रक कुचकामी

आधीच सांगून टाकते. गाडीच्या पुढच्या काचेवर खडा लागून पडलेला टवका दिसेनासा होईल या आशेने हे किट घेणार असाल तर घेऊ नका. तडा पुढे पळू नये म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या. खोक्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो छापलेत. त्यातला ‘नंतर’चा फोटो बहुतेक कोऱ्या काचेचा असावा. माझ्या काचेवर पाण्याचा थेंब सुकल्यावर राहतो तसा एक पुसट डाग राहिलाय. माहीत असेल तर दिसतो, नसेल तर नजर त्याच्यावरून निघून जाते. माझं समाधान झालं.

पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि शेजारच्या सीटसमोर काचेवर टण्णकन बसला. मधे बारीकसा खड्डा, त्याभोवती गोल वलय आणि वलयातून बाहेर निघालेले दोन केसासारखे पाय. नुसतं गोल वलय असेल तर ते भरायला सगळ्यात सोपं. ताऱ्यासारखे पाय फुटले की खरी कटकट, कारण त्या चिंचोळ्या फटीत रेझिन, म्हणजे भरल्यावर कडक होणारा पारदर्शक द्रव, शेवटपर्यंत शिरायला वेळ लागतो. माझ्याकडे दोन्हीचं मिश्रण होतं.

हे घरी दुरुस्त होऊ शकतं ते पुढच्या काचेच्या बनावटीमुळे. ती एक काच नसतेच. दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा, जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण आतल्या सुकलेल्या थरामुळे विखुरला नाही, आणि त्यावरून त्यांना अशी काच सुचली असं सांगतात. पेटंट १९०९ सालचं. खडा बसतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरची काच तेवढी फुटते, पडदा आणि आतली काच शाबूत राहते. आतून नख फिरवून बघायचं. काही लागलं नाही तर पुढे जायचं. दाराच्या काचा सहसा वेगळ्या, टेम्पर्ड म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात. त्या फुटल्या की त्यांचा चुरा होतो, तिथे या किटचा काडीचा उपयोग नाही.

आता किट. चिकट रिंग, तिच्यावर बसणारा प्लास्टिकचा स्टँड, एक सिरिंज, रेझिनची छोटी बाटली, पारदर्शक फिल्मचे तुकडे, एक ब्लेड आणि एक टाचणी. रेझिनबद्दल तक्रार नाही. पाण्यासारखं पातळ आहे आणि तेच हवं, कारण घट्ट रेझिन पायांत शिरत नाही. टवका चकाकतो तो आत अडकलेल्या हवेमुळे. काच आणि हवा प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, म्हणून ती फट चंदेरी दिसते. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, काचेच्या जवळपास, १.५ च्या आसपास असतो, म्हणून भरलेली फट नजरेतून निसटते. सगळा खेळ हवा बाहेर काढून तिच्या जागी रेझिन घालण्याचा आहे.

आणि नेमकं हेच माहितीपत्रकात नाही! त्यात चित्रं आहेत, बाण आहेत, ‘दट्ट्या ओढा, १० मिनिटं थांबा, सोडा, दाबा, २० मिनिटं थांबा’ एवढंच आहे. का ओढायचं, काय दिसल्यावर सोडायचं, याचा पत्ता नाही. दट्ट्या वर ओढून अडकवला की सिरिंजमध्ये पोकळी तयार होते आणि फटीतली हवा बुडबुडे होऊन वर येते. मग दट्ट्या सोडून बाहेरची हवा आत घ्यायची, पुन्हा खाली दाबायचा. या दाबाने रेझिन फटीत ढकललं जातं. मिनिटं मोजण्यापेक्षा काचेकडे बघा. मी दादाला गाडीत बसवला, हातात टॉर्च दिला.

“दादा, आतून काय दिसतंय?”

“अगं, डावा पाय गेला. उजवा अजून चकाकतोय, टोकाला.”

मग पुन्हा ओढ, पुन्हा दाब. उजव्या पायाचं टोक हळूहळू विझत गेलं, ते बघताना दोघांच्याही माना अवघडल्या. पत्रकातल्या वेळेवर थांबले असते तर तो पाय अर्धा कोरडा राहिला असता.

किटमधला सगळ्यात कच्चा भाग म्हणजे ती चिकट रिंग. एकच दिली आहे. ती टवक्यावर बरोबर मध्यभागी बसली नाही, किंवा काचेवर मेणाचा, धुळीचा अंश राहिला, तर कडेने हवा गळते आणि पोकळी टिकतच नाही. लावून काढली की तिचा चिकटपणा जातो. दोन रिंगा द्यायला कंपनीचं काय बिघडलं असतं? काच कोरडी हवी हेही ठळक लिहायला हवं होतं. टवक्यावर पाणी किंवा काच पुसायचा स्प्रे मारला की ओल फटीत बसते आणि रेझिनला जागाच उरत नाही. सुटे कण टाचणीने अलगद काढायचे, बस. दुरुस्तीला वेळ असेल तर तोवर टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे आत धूळ आणि पाणी जात नाही.

काम सावलीत करायचं. रेझिन अतिनील किरणांनी कडक होतं, त्यामुळे उन्हात सुरुवात केली तर ते पायांत पोचायच्या आधीच जमतं. शिवाय तापलेल्या काचेवर दाब देणं धोक्याचं. तापलेल्या काचेवर एकदम गार एसीचा झोत सोडला तरी तडा धावू शकतो. भरून झालं की वर एक थेंब, त्यावर फिल्म, आणि मग गाडी उन्हात. फिल्म काढून टाकायचा मोह होतो, पण हवेतला ऑक्सिजन लागला की वरचा थर चिकटच राहतो. शेवटी ब्लेड काचेवर काटकोनात उभं धरून वरचा फुगवटा खरवडायचा. ब्लेड आडवं झालं की खड्ड्यातलं रेझिनही उपसून येतं. हातमोजे मात्र स्वतःचे घ्या. किटमध्ये नाहीत, आणि न जमलेलं रेझिन कातडीला झोंबतं.

आता कुठे हात लावू नये ते. अडीच सेंटिमीटरहून मोठा टवका, लांब धावलेला तडा, दोन्ही काचांना गेलेली इजा, काचेच्या कडेजवळची फट, गाडीच्या कॅमेऱ्यासमोरची जागा, आणि चालवणाऱ्याच्या थेट नजरेसमोरचा भाग. उरलेला पुसट डागसुद्धा समोरच्या दिव्यांत नजरेला खुपतो. कडेला काचेवर ताण जास्त असतो. पुढची काच छताला आधार देते, शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिच्यावर टेकते, तिथे हौसेची कारागिरी नको.

आणखी एक गोष्ट खोक्यावर मोठ्या अक्षरांत हवी होती: संधी एकदाच मिळते. एकदा रेझिन कडक झालं की आत राहिलेली हवा पुन्हा काढता येत नाही, नंतर दुकानातला कारागीरही फारसं काही करू शकत नाही. टवका जरा अवघड जागी असेल, किंवा मोजायला बसल्यावर मनात शंका येत असेल, तर आधीच त्याच्याकडे जा. त्याच्याकडे अतिनील दिवा असतो, रेझिन दाबून भरणारा धातूचा इंजेक्टर असतो, आणि असे टवके तो रोज बघतो.

पाचपैकी साडेतीन. एक गुण रिंगेचा कापला, अर्धा पत्रकाचा. पुन्हा लागलं तर सिरिंजवालं नाही, चार सक्शन कपवर बसणाऱ्या पट्टीचं किट घेईन. त्यात इंजेक्टर स्क्रूने खाली येतो, दाब बोटाच्या अंदाजाने नाही तर फेऱ्यांनी वाढवता येतो, आणि चिकट रिंगेची भानगडच नाही.