पीएनआर हातात, तिकीट मात्र नाही

घोडबंदर रोड असो की खारघर, मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीच्या आगेमागे ही जाहिरात फिरू लागते: ख्रिसमसच्या सुट्टीत सिंगापूर, दोन वर्षांखालचं बाळ फुकट, आज बुकिंग केलंत तर खास सूट. पाठवणारा कुणाच्या तरी ओळखीतला असतो, म्हणून चौकशी होत नाही. पैसे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जातात आणि घोळ उघडा पडतो डिसेंबरात, जेव्हा दुसरी तिकिटं परवडण्यापलीकडे गेलेली असतात.

पद्धत ठरलेली आहे. एजंट पूर्ण रक्कम घेतो आणि एक-दोन दिवसांत सहा अक्षरी पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, पाठवतो. विमान कंपनीच्या साइटवर तो टाकला की आई, बाबा, मुलं, सगळ्यांची नावं दिसतात आणि घरचे निर्धास्त होतात. पण ते बुकिंग नुसतं होल्डवर असतं. मुदतीत पैसे भरून तिकीट काढलं नाही तर सिस्टिम ते आपोआप रद्द करते. त्याचा मेसेजही तुम्हाला येत नाही, कारण बुकिंगवर मोबाइल नंबर एजंटचा असतो. तुमच्या पैशांतून त्याने तोवर आधीच्या गिऱ्हाइकांची तिकिटं काढलेली असतात. मग नोव्हेंबरात फोन येतो, ‘भाडं वाढलंय, माणशी आणखी भरा’, किंवा त्याचा फोनच लागत नाही.

म्हणून ई-तिकीट मागा. त्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे 13 आकडी तिकीट क्रमांक असतो आणि पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात: एअर इंडियाचे 098, सिंगापूर एअरलाइन्सचे 618. काही स्वस्त कंपन्या असा क्रमांक देत नाहीत. तिथे बुकिंगमध्ये पूर्ण पैसे भरल्याची नोंद दिसायला हवी. ही तपासणी कंपनीच्या साइटवर स्वतः करा, एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर नाही. पीडीएफ कुणीही बनवतो.

सगळ्यात वाईट लबाडी लहान मुलांच्या तिकिटात होते. ‘बाळ फुकट’ हे आंतरराष्ट्रीय प्रवासात जवळजवळ कधीच खरं नसतं. मांडीवर बसणाऱ्या बाळाचंही वेगळं तिकीट लागतं, ते बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि आईच्या किंवा बाबांच्या बुकिंगला जोडलेलं असावं लागतं. वय धरलं जातं ते प्रवासाच्या दिवसाचं. 24 डिसेंबरला निघताना बाळ दोन वर्षांखाली आहे, पण 30 तारखेला त्याला दोन पूर्ण होतात. म्हणजे 1 जानेवारीच्या परतीच्या विमानात त्याला स्वतंत्र सीट हवी. असे एजंट इथे जन्मतारीख बदलून टाकतात. चेक-इनला पासपोर्ट पाहिला की ते उघडं पडतं, आणि परक्या विमानतळावर, दमलेलं मूल कडेवर घेऊन, त्या दिवशीच्या भाड्याने सीट घ्यावी लागते. तिकीट आलं की आधी मुलांच्या जन्मतारखा पासपोर्टशी ताडून पाहा.

व्हिसाच्या नावाखालीही मुलांमागे उकळतात. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांखालच्या मुलांना 45 आणि सहा वर्षांखाली शून्य आहे. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क तेवढं वेगळं. तरी चौघांची सरसकट पूर्ण फी लावली जाते. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्यासाठीचा फॉर्म, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवर मोफत भरता येतं, मुलांचंसुद्धा.

पैसे फर्मच्या खात्यातच भरा. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. महाराष्ट्रात नोंदलेल्या फर्मचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, घ्यावाच लागतो आणि तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो. ‘रोख द्या, टीसीएस वाचवू’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संशय आला तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे लेखी डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, टाका. चॅट, पावत्या आणि होल्डचा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ‘तक्रार केलीत तर रिफंड अडकेल’ असं एजंट हमखास सांगतो. त्याला फक्त वेळ हवा असतो, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात जातात.