शाळेत मार खाऊन आलेल्या मुलासाठी कोणती सेवा कामाची, कोणती नुसती दिलाशाची

चौदा-पंधरा वर्षांचं मूल शाळेतून मार खाऊन घरी आलं की पालकांपुढे एकदम दहा दारं दिसायला लागतात. दवाखाना, शाळेचं ऑफिस, पोलिस, समुपदेशक, कराटेचा क्लास, मनगटावर बांधायचं ट्रॅकिंगचं घड्याळ. धावाधाव होते आणि नेमकं जिथे आधी जायचं तिथे पोचायला उशीर होतो. या सगळ्या सेवा आणि साधनांचा हा हिशेब आहे. निकष दोनच: महिनाभराने शाळेने "असं काही घडलंच नाही" म्हटलं तर हातात काय उरतं, आणि तोवर मूल कितपत सावरलेलं असतं.

पहिला नंबर डॉक्टरचा, तोही त्याच दिवशी. "मुका मार आहे, दोन दिवसांत बरं वाटेल" म्हणून थांबणारे पालक दोन गोष्टी गमावतात: वेळेवर निदान आणि तारखेची नोंद. या वयातलं मूल सगळं सांगत नाही. शर्ट काढायला लावल्यावरच पाठीवरचे वळ दिसतात. दवाखान्यात उपचारांइतकाच नोंदीचा आग्रह धरा. केस पेपरवर "पडल्याने इजा" असं लिहिलं गेलं तर पुढे ते पुसणं फार जड जातं, आणि तसं बरेचदा लिहिलं जातं, कारण लाजेपोटी मूल किंवा पालकच तसं सांगतात. नोंदीत पाहिजे ते असं: शाळेत मारहाण, कधी, कुठे, हाताने की वस्तूने, प्रत्येक जखमेची जागा आणि आकार सेंटिमीटरमध्ये. पोटात लाथ बसली असेल तर लघवीचा रंग लाल किंवा गडद झाला का, तेही डॉक्टरांना सांगा. गळा दाबला असेल तर बाहेरून खूण नसली तरी तपासणी हवीच. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके ही आत इजा झाल्याची चिन्हं असू शकतात. "गळ्याला हात लावला होता का?" हा प्रश्न मुलाला वेगळा विचारावा लागतो. ते आपणहून क्वचितच सांगतं.

कायमचा दात मुळासकट निघाला असेल तर बाकी सगळं बाजूला. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. मळला असेल तर क्षणभर धुऊन परत खोबणीत बसवा. ते जमत नसेल तर दुधात ठेवा आणि तासाच्या आत दंतवैद्य गाठा.

डोक्याला मार बसला असेल तर एक फुकट साधन आवर्जून सुचवण्यासारखं आहे: कन्कशन रेकग्निशन टूल, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का (कन्कशन) ओळखायचं कार्ड, त्याची सहावी आवृत्ती. ॲम्स्टरडॅमला २०२२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर २०२३ मध्ये ती आली. बनवली आहे खेळाच्या मैदानासाठी, पण डॉक्टर नसलेल्या माणसाला वापरता यावी अशीच तिची रचना आहे. सगळ्यात मोलाचा भाग धोक्याच्या चिन्हांचा: पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, झटके, शुद्ध हरपणं किंवा गुंगी वाढणं, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, चिडचिड आणि अस्वस्थपणा वाढत जाणं. यातलं एकही दिसलं तर थेट इस्पितळ. बेशुद्ध न पडताही मेंदूला धक्का बसू शकतो हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि नेमकं हेच शाळेतल्या प्रथमोपचार खोलीत विसरलं जातं. कमतरता अशी की त्यातले स्मरणशक्तीचे प्रश्न सामन्याबद्दलचे आहेत. त्याऐवजी आज कोणता वार, शेवटचा तास कशाचा होता, मधल्या सुट्टीत कुठे होतास, असं विचारा. आणि हे कार्ड इजा ओळखायला आहे, "काही झालं नाही" असा दाखला द्यायला नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती पुरते. मोबाइल आणि टीव्ही कमी, घरातल्या घरात चालणं-फिरणं चालेल. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा जुना सल्ला आता कोणी देत नाही.

लैंगिक स्वरूपाचा हल्ला असेल तर क्रम बदलतो. अंघोळ, कपडे बदलणं, दात घासणं थांबवून आधी इस्पितळ. कपडे काढलेच असतील तर न धुता कागदी पिशवीत, प्रत्येक कपडा वेगळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि नमुने खराब होतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांपर्यंत देता येते, पण दर तासाला तिचा उपयोग घटत जातो. अंघोळ झाली असली तरी जायचंच.

यानंतर घरातलंच एक साधन: फोनचा कॅमेरा. नीट वापरला तर वकिलाइतका कामाचा, पण नीट वापरला जात नाही. प्रत्येक जखमेचे तीन फोटो लागतात. पहिल्यात चेहरा आणि जखम दोन्ही, दुसऱ्यात तो अवयव, तिसऱ्यात फक्त जखम. जवळचा फोटो दोनदा काढा, एकदा नुसता, एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. पट्टी जखमेच्याच पातळीत हवी आणि कॅमेरा समोरून सरळ. तिरका धरला की चार सेंटिमीटरचा वळ अडीचचा दिसतो. उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅशने लाली उडून जाते. हेच सगळं दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा करा, कारण खोलवरचा मार वर यायला एक-दोन दिवस लागतात. रंगावरून जखमेचं वय सांगणाऱ्यांवर फार विसंबू नका. पिवळेपणा १८ तासांच्या आत येत नाही, यापलीकडे रंगाची साक्ष कच्ची असते. म्हणून तर तारीखवार फोटो हवेत. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि त्याची तारीख-वेळेची माहितीही सहसा गळते. गुप्तांगांचे फोटो घरी काढू नका. ते काम डॉक्टरांचं.

मुलाचं म्हणणं लिहून घेणं हेही याच पंक्तीतलं. एकच मोकळा प्रश्न विचारा: "काय झालं ते पहिल्यापासून सांग." मग गप्प बसा आणि त्याच्या शब्दांत, शिव्यांसकट, उतरवून घ्या. "त्यानेच मारलं ना?" असे प्रश्न विचारले की उत्तरं तुमची होतात, मुलाची राहत नाहीत. आई, बाबा, मामा, वर्गशिक्षक असं चारदा वदवून घेतलं की चार आवृत्त्या तयार होतात आणि समोरची बाजू त्यातल्या फटी शोधते.

मारहाणीचा व्हिडिओ फिरत असेल तर पूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचं खातं आणि तारीख दिसेल असे. "बघा माझ्या मुलाचं काय केलं" म्हणून तो पुढे पाठवू नका, त्याने मुलाची बेअब्रूच वाढते. व्हिडिओत नग्नता असेल तर तो साठवणंही गुन्हा ठरू शकतं. लिंक आणि खात्याचं नाव लिहा आणि तक्रार करा. अशा वेळी 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा खरोखर उपयोगी आहे. २०२३ मध्ये सुरू झाली. फाइल कुठेही अपलोड होत नाही. तुमच्याच फोनवर तिचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना जातो. नावही द्यावं लागत नाही. मर्यादा मोठ्या आहेत: नुसत्या मारहाणीच्या व्हिडिओला लागू नाही, एन्क्रिप्टेड ग्रुपमध्ये चालत नाही, आणि कुणी क्रॉप केलेल्या प्रतीचा ठसा वेगळा पडू शकतो.

आता शाळेचं ऑफिस. या सेवेचा अनुभव तुम्ही काय मागता यावर ठरतो. तोंडी तक्रार म्हणजे शून्य. एक पानाचं पत्र, मुख्याध्यापकांच्या नावे, दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्क्यासह पोच. ईमेलही पाठवा. त्यात पहिली मागणी सीसीटीव्हीची, कारण रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे महिन्याने, कुठे आठवड्यात. पत्रात "फूटेज दाखवा" आधी लिहू नका, "जपून ठेवा" लिहा. इतर मुलं दिसतात म्हणून दाखवायला नकार मिळू शकतो, जपायला नकार देणं अवघड. कॅमेऱ्याची जागा लिहा आणि घटनेच्या आधी एक तास, नंतर एक तास असा पट्टा मागा. रेकॉर्डरचं घड्याळ पुढे-मागे असणं नेहमीचंच आहे. दहा मिनिटांचा तुकडा मागितला तर कॉरिडॉर रिकामा दिसतो आणि प्रकरण तिथेच बसतं. स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो, पण बाहेरच्या कॅमेऱ्यात कोण आत गेलं, कोण कधी बाहेर आलं हे असतं.

दुसरी मागणी उद्यापासूनच्या सुरक्षिततेची. "त्याला काढून टाका" हे वाक्य पत्रात नको. दुसऱ्या मुलाची शिक्षा शाळा तुम्हाला सांगेलच असं नाही, आणि पत्राचा सगळा जोर तिथेच खर्ची पडतो. त्याऐवजी विचारा: मधल्या सुट्टीत कोणते शिक्षक लक्ष ठेवणार, बसण्याची जागा कोणती, येता-जाता काय व्यवस्था, चौकशी कोण करणार, लेखी उत्तर कोणत्या तारखेला. शाळा बऱ्याचदा मार खाल्लेल्याच मुलाची तुकडी बदलायला निघते. सोयीचं असतं ना! मुलाने स्वतः मागितलं नसेल तर नाही म्हणा.

समेटाची बैठक ही शाळांची सगळ्यात आवडती आणि आमच्या लेखी सगळ्यात वाईट सेवा. दोघांना समोरासमोर बसवायचं, हात मिळवायला लावायचे, कागदावर "गैरसमज दूर झाला". बरोबरीच्या दोन मुलांच्या भांडणात हे चालतं. एक जण सतत दबलेला असेल तर मध्यस्थी करू नये, असं अमेरिकी सरकारचं गुंडगिरीविरोधी संकेतस्थळही सांगतं. खोलीत मारणारा समोर असताना मूल "हो, मिटलं" म्हणणारच, आणि त्या सहीनंतर तुमचं पत्र निकामी. दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना आपणहून फोन करणं हीसुद्धा अशीच चूक. पहिल्या मिनिटातलं तुमचं रागाचं वाक्य तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

पोलिसांबद्दल थोडक्यात: हत्यार, हाड मोडणं, बेशुद्धी, गळा दाबणं, टोळक्याने मारणं किंवा लैंगिक हल्ला असेल तर शाळेच्या चौकशीची वाट न बघता त्याच दिवशी जा, आणि तक्रारीची प्रत घेऊनच परता.

समुपदेशकाच्या बाबतीत घाई उलटी पडते. "काल झालं, आजच सगळं बोलून टाक" अशी एका बैठकीतली उजळणी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका स्पष्टपणे नाकारते. पहिला महिना झोप, दचकणं, शाळेची वाट टाळणं, सकाळी नेमकी पोटदुखी यांवर लक्ष ठेवा. महिन्यानंतरही ते टिकलं तर आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, त्या आघातावरच काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) मागा, साधारण ६ ते १२ बैठका. पहिल्याच भेटीत विचारा: ही पद्धत वापरता का, आणि मुलाने सांगितलेलं कोणत्या प्रसंगी आम्हाला सांगाल? दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा. अपवाद एकच: मरणाची भाषा. तेव्हा महिना थांबायचं नाही. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे, आणि तोवर एकटं सोडू नका.

कराटेचा क्लास मुलाला हवा असेल तर जरूर लावा, शरीरावरचा विश्वास परत यायला मदत होते. पण चार जणांनी घेरल्यावर तीन महिन्यांचं कराटे कामाला येत नाही, आणि "शिकला असतास तर" हा सूर लागला की दोष मुलाच्याच माथी येतो. ट्रॅकिंगच्या घड्याळाचं तर नावच नको. ते मूल शाळेत आहे एवढंच सांगतं, जे तुम्हाला माहीतच असतं. गुपचूप आवाज ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर जर्मनीने २०१७ मध्येच बंदी घातली. अशा चोरट्या ध्वनिमुद्रणाने तक्रारदार पालकच अडचणीत येऊ शकतात.

मूल परत जाईल तो पहिला दिवस शक्यतो आठवड्याच्या मधला निवडा, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. फाटकाशी कोण भेटणार आणि भीती वाटली तर वर्गातून न विचारता कुणाच्या खोलीत जायचं, ते नावानिशी आधी ठरवून घ्या. त्या शिक्षकांनाही ते माहीत आहे ना, याची आदल्या दिवशी खात्री करा. बहुतेक वेळा माहीत नसतं.