लिंक रॉडची खटखट आणि ४१,००० रुपयांचं बिल

बाबांच्या स्विफ्टच्या पुढच्या डाव्या चाकाजवळून खट-खट आवाज यायचा. त्यासाठी आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने त्यांच्याकडून ४१,००० रुपये घेतले. स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) नवीन, पुढचे दोन्ही शॉकअप नवीन, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारे दांडे) नवीन, असं बिलावर लिहून दिलं. यातला एकही पार्ट बदललेला नव्हता. आणि आवाज ज्याचा होता तो लिंक रॉड, म्हणजे शॉकअपला जोडलेला एक लहानसा दांडा, बिलात कुठेच नव्हता. हे सगळं नंतर पुराव्यासकट हाती आलं, म्हणूनच लिहिते आहे. पुण्यातल्या रस्त्यांवर जुनी गाडी चालवणाऱ्या कुणालाही हा आवाज आज ना उद्या येणार आहे. त्यातही निवृत्त, एकटे जाणारे, ‘काका, बसा, चहा घ्या’ म्हटल्यावर विश्वास टाकणारे लोक अशा गॅरेजवाल्यांना बरोबर ओळखू येतात.

गाडी २००९ची, पेट्रोल. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून घेऊन तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली आहे. इंजिन ठणठणीत आहे. बाबा तीच घेऊन अधूनमधून वाईला जातात, शेत बघायला. आवाज कधी येतो हे त्यांनी गॅरेजमध्ये अगदी नीट सांगितलं होतं. गल्लीत, कमी वेगात, डांबराचे उंचसखल ठिगळ लागले की येतो. हायवेला येत नाही. आणि सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकावर तर मुळीच येत नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली होती. आवाजाचं कारण शोधायला तेवढी पुरेशी होती, ते कसं ते पुढे सांगते.

गॅरेजवाल्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि बाबांना खाली बोलावून एकेक गोष्ट दाखवली. लोअर आर्मच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी गादीत) टॉमी म्हणजे लोखंडी कांब घालून जोर लावला. आर्म हलला. ‘बघा काका, किती प्ले आहे.’ प्ले म्हणजे ढिलेपणा. शॉकअपवरून बोट फिरवलं, बोटाला काळपट तेल लागलं. ‘लीक आहे.’ मग स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटकलं, खालून टक-टक ऐकू आली. ‘रॅक गेलाय. घाटात स्टिअरिंगने दगा दिला तर? मी माझ्या वडिलांना ही गाडी घेऊन खंबाटकीला जाऊ दिलं नसतं.’

या शेवटच्या वाक्यावर बाबांनी काम करायला सांगितलं. घरी येऊन आईला त्यांनी तेच वाक्य सांगितलं, आणि आईने लगेच वाईला जायचं रद्द केलं. माणसाच्या जिवाची भीती घालून त्याचे साठवलेले पैसे काढून घेणं, याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

त्याने जे दाखवलं ते कसं फसवं होतं, ते आता कळतं. लोअर आर्मचा बुश रबराचा असतो आणि रबर टॉमीने दाबल्यावर हलणारच, नव्या गाडीतही हलेल. बघायचं असतं ते रबर फाटलंय का, धातूपासून सुटलंय का, आर्म ब्रेक मारताना पुढेमागे सरकतोय का. शॉकअपवर तेलाचा पातळसा थर आणि त्यावर धूळ हे पंधरा वर्षांच्या गाडीत दिसू शकतं. गळका शॉकअप वेगळा दिसतो, तेल ओघळून खालपर्यंत ओलं झालेलं असतं, आणि खड्ड्यानंतर गाडी एकदा उसळून थांबायच्या ऐवजी झुलत राहते. बाबांची गाडी झुलत नव्हती. रॅकमध्ये प्ले असेल तर तशी टक-टक होऊ शकते हे खरं, पण पुढच्या भागातला कुठलाही ढिला सांधा स्टिअरिंग झटकल्यावर बोलतो. तेवढ्यावरून रॅक बदलायला सांगणं म्हणजे न तपासताच निदान करणं.

काम झालं म्हणून गाडी मिळाली. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या पार्टच्या खोक्यांचे फोटो आले होते. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले म्हणाला. बिल म्हणून साध्या कागदावर हाताने लिहिलेली यादी, त्यावर जीएसटी नंबर नाही. आवाज मात्र खरंच थांबला होता. बाबा खूश झाले.

पाऊस सुरू झाला आणि आवाज परत आला, तोच, तिथूनच. गॅरेजवाला म्हणाला, आता मागचा सस्पेन्शन बोलतोय, ते १४,००० होतील. इथे मला पाणी मुरतंय असं वाटलं. पुढच्या डाव्या बाजूचा आवाज मागून कसा येईल? मी गाडी कात्रजच्या बाजूच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राने सुचवलेले, फक्त सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं (चाकांची दिशा जुळवण्याचं) काम करणारे.

त्यांनी गाडी रॅम्पवर घेतलीच नाही. आधी शेजारी बसले आणि बाबांना चालवायला सांगितलं. कडेच्या खडीवरून डावी चाकं घालायला लावली, आवाज आला. मग रस्ताभर आडवा असलेला गतिरोधक घेतला, आवाज नाही. ‘लिंक रॉड,’ एवढंच म्हणाले.

मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा स्टॅबिलायझर बार असतो, गाडी वळणावर एका बाजूला कलू नये म्हणून. त्याची दोन्ही टोकं लहानशा लिंक रॉडने दोन्हीकडच्या शॉकअपला जोडलेली असतात आणि त्या रॉडच्या टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारे गोळीचे सांधे, असतात. आडव्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, पिळला जात नाही, म्हणून लिंक रॉडवर जोर येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळला जातो, जोर लिंक रॉडवर येतो आणि झिजलेला बॉल जॉइंट वाजतो. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट हीच होती.

मग त्यांनी चाकं जमिनीवर असतानाच आत हात घालून डावा रॉड धरून हलवला आणि माझा हात त्यावर ठेवायला लावला. बोटांना ठक-ठक स्पष्ट जाणवत होती. तरीही पार्ट मागवला नाही. दोन्ही लिंक रॉड काढले, बारची टोकं कुठे आपटू नयेत अशी तारेने बांधली आणि गल्लीतून अगदी हळू एक चक्कर मारली. त्याच ठिगळांवरून गाडी नि:शब्द गेली. (हे फक्त तपासणीपुरतं. बार सुटलेला असताना गाडी वळणावर जास्त कलते, तशी रस्त्यावर फिरवायची नाही.) नवे दोन लिंक रॉड आणि मजुरी मिळून बिल दोन हजारांच्याही आत.

काढलेला डावा रॉड त्यांनी माझ्या हातात दिला तेव्हा खरा प्रकार कळला. बॉल जॉइंटवरच्या रबरी टोपीला ब्लेडने सरळ चीर दिलेली होती आणि आत नव्याने भरलेल्या पिवळ्या ग्रीसचे अवशेष होते. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याला आवाज कुठून येतो हे पक्कं माहीत होतं. त्याने बरोबर तोच सांधा शोधला, ग्रीस भरून तात्पुरता गप्प केला आणि ४१,००० रुपये लावले ते दुसऱ्याच पार्टचे. चिरलेल्या टोपीतून पावसाचं पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं आणि आवाज परत आला. निदान चुकलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. चुका चांगल्या मिस्त्रींच्याही होतात.

मग बाकीचे ‘नवे’ पार्ट बघितले. शॉकअप काळेकुळकुळीत चमकत होते. मिस्त्रींनी टॉर्च मारली आणि ब्रेकच्या रबरी नळीकडे बोट दाखवलं. नळीवर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे होते, स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावरही होते. शॉकअप बदलायचा तर ती नळी त्याच्यावरून सोडवावी लागते, स्प्रिंग काढावी लागते. इथे सगळं जागच्या जागी ठेवून वरून स्प्रेचा डबा फिरवला होता. थिनरचं फडकं घासलं तर खाली जुना गंज. लोअर आर्मचीही तीच गत. रॅकला तर रंगसुद्धा लावला नव्हता, नुसता डिझेलने पुसला होता. त्याच्या दोन्ही टोकांची रबरी बूट (आवरणं) जुनीच, भेगा पडलेली. शिवाय रॅक बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, आणि बाबांच्या बिलात अलाइनमेंटचा उल्लेखही नव्हता. रॅक, शॉकअप, लोअर आर्म एवढं सगळं बदललं असं म्हणणाऱ्या बिलात अलाइनमेंट नसेल तर तिथेच समजून जावं.

खोक्यांचा फोटो मोठा करून त्यातले पार्ट नंबर मी नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात दाखवले. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की हे शॉकअप दुसऱ्याच मॉडेलचे आहेत, स्विफ्टला बसणारच नाहीत.

इतर आवाजांबद्दल मिस्त्रींनी जे सांगितलं तेही इथे लिहून ठेवते, कारण गॅरेजमध्ये जाण्याआधी आपल्याला आवाजाची वेळ सांगता आली पाहिजे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर कुरकुर किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा टण्ण आवाज आला तर बहुधा शॉकअपच्या वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. चालत्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट-कट असा साखळी आवाज, वेगाबरोबर वाढणारा, तो ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचा, सस्पेन्शनचा नाहीच. सलग घोंघावणारा आवाज, जो एका बाजूच्या वळणावर वाढतो आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर कमी होतो, तो व्हील बेअरिंगचा. खडबडीत रस्त्यावरची खडखड ब्रेक हलकासा दाबल्यावर थांबत असेल तर आधी ब्रेकचे पॅड आणि कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) पिना बघायच्या. मोठ्या खड्ड्यात धप्पकन आपटल्यासारखं होत असेल तर शॉकअपकडे बघायला कारण आहे.

एक मात्र गंभीरपणे घ्यायचं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) टोक यांत खरोखर प्ले असेल तर गाडी चालवू नये, कारण तो सांधा निखळला तर चाक हाताबाहेर जातं. पण तो प्ले दाखवता येतो. चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने त्या सांध्यावर हात ठेवायचा. सांधा ढिला असेल तर हाताला कळतं. भीती घालणाऱ्याला म्हणावं, माझा हात ठेवून दाखवा. बाबांचे हे चारही सांधे घट्ट होते.

आता आम्ही काय मागतो तेही सांगते. कामाआधी पार्टच्या नावांसकट लेखी एस्टिमेट. जुने पार्ट नव्याच्या खोक्यात घालून परत. नवा पार्ट बसवताना समोर उभं राहू देणं, नाहीतर गाडीवर बसवलेल्या अवस्थेतला फोटो, नुसत्या खोक्याचा नाही. जीएसटीचं बिल. अलाइनमेंट केली असेल तर मशिनमधून निघालेला कागद. आमच्या मिस्त्रींनी यातलं काहीही मागण्याआधी जुने रॉड हातात दिले होते.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा तो आधी म्हणाला, पार्ट नवीनच आहेत. थिनरचा व्हिडिओ दाखवल्यावर म्हणाला, रिकंडिशन (दुरुस्त केलेले जुने) टाकले होते, काकांना सांगितलं होतं. बिलावर त्याच्याच अक्षरात ‘नवीन’ लिहिलेलं आहे. शेवटी ८,००० परत देतो, कुठे काही लिहू नका, अशी बोली लावली. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. मला त्यांचा अभिमान वाटला.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजकडून उत्तर आलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, प्रकार घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आम्ही जोडलेली कागदपत्रं: हाताने लिहिलेली यादी, यूपीआयची नोंद (पैसे गॅरेजच्या नावावर नव्हे, एका खासगी खात्यात गेले होते), खोक्यांचा फोटो, शिंतोड्यांचे आणि थिनरचे फोटो तारखेसह, दुसऱ्या मिस्त्रींचं बिल आणि त्यांनी तपासणीत काय आढळलं ते लिहून दिलेला सहीचा कागद. हा शेवटचा कागद त्यांच्याकडे मागायला मला संकोच वाटत होता. त्यांनी लगेच लिहून दिला, आणि गरज लागली तर आयोगासमोर येऊन सांगेन म्हणाले. चिरलेल्या टोपीचा लिंक रॉड प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ठेवला आहे, तो सुनावणीला घेऊन जाणार आहोत.