कार्ल रॉजर्सचं 'ऑन बिकमिंग अ पर्सन' : शाळेतल्या काउन्सेलरनी तरी घ्याच

मी शाळेत काउन्सेलर आहे, आठवं वर्ष चालू. रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. एमएला रॉजर्स म्हणजे थेरपी करणाऱ्यात हव्यात अशा एम्पथी (समोरच्याचं त्याच्या जागी जाऊन समजून घेणं) वगैरे तीन अटी, पाठ केल्या, पेपरात लिहिल्या, संपलं. पुस्तक आख्खं आत्ता वाचलं आणि फार हळहळ वाटली की तेव्हाच का नाही घेतलं.

१९६१ चं आहे, इंग्रजी सोपं, समोर बसून बोलल्यासारखं. अमेरिकेत रोचेस्टरला १२ वर्षं मुलांसोबत काम, मग ओहायो, शिकागो, विस्कॉन्सिनला प्राध्यापकी, हे सगळं रॉजर्स पहिल्या प्रकरणात स्वतःच सांगतो. त्यातच त्याच्याकडे आलेल्या एका आईची गोष्ट येते. मुलगा वांड, आणि आईने त्याला लहानपणी झिडकारलं हे त्याचं मूळ असं रॉजर्सचं निदान, पण कितीही भेटी झाल्या तरी तिच्या ते गळी उतरेना, शेवटी दोघांनी ठरवलं थांबूया, ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, तुम्ही इथे मोठ्या माणसांना पण काउन्सेलिंग देता का? परत येऊन बसली आणि नवऱ्याबरोबरच्या संसाराचं सगळं भडाभडा बोलली. खरी थेरपी तिथून सुरू झाली. मी पुस्तक मिटून बसले, कारण पालकांना 'तुमचं इथे चुकतंय' हे पटवण्यातच माझाही अर्धा वेळ जातो.

शिकवण्यावरचं प्रकरण छोटंसं, १९५२ ला हार्वर्डच्या परिषदेत मांडलेलं. दुसऱ्याला शिकवता येतं ते फारसं महत्त्वाचं नसतं, स्वतः शोधलेलंच वागण्यात उतरतं, असं थेट शिक्षकांसमोर म्हणाला. मला पटतं, पण परीक्षाच नकोत म्हणतो ते साठ मुलांच्या वर्गात कसं करायचं ते कळत नाही.

रिसर्चचा भाग मात्र सोडू नका. नुसतं मनापासून ऐका सांगून थांबत नाही, तपासून बघतो. शिकागोत क्लायंटला स्वतःबद्दलच्या वाक्यांची १०० कार्डं द्यायचे, कोणतं वाक्य किती लागू पडतं त्या क्रमाने ती एकदा 'मी आहे तसा' म्हणून लावायची, एकदा 'मला व्हायचंय तसा'. दोन्हींतला सहसंबंध (दोन्ही किती जुळतात ते, पूर्ण जुळलं तर १) थेरपीआधी जवळपास शून्य होता, नंतर ०.३४ झाला, आणि थेरपी न घेतलेल्या गटात असा बदल दिसला नाही.

वेगवेगळ्या वेळची भाषणं आणि लेख एकत्र केलेत त्यामुळे मधे तेच तेच येतं, तिथे कंटाळा येतो, ती प्रकरणं सावकाश वाचली तरी चालतील. त्या आईचं पान मी दुमडून ठेवलंय, पालकसभेच्या आदल्या दिवशी वाचते.