टेकडी की जिम? पुण्यात शिकायला आलेल्यांसाठी

कॉट बेसिसवर राहायला लागून दोन-तीन महिने झाले, मेसचं जेवण अंगवळणी पडलं आणि जीन्स कमरेत घट्ट व्हायला लागली, की व्यायामाचा विषय निघतोच. रूममेट म्हणतो जिम लाव. घरमालक काका म्हणतात, फुकट टेकडी असताना पैसे कशाला घालवतोस? दोघांचंही खरं आहे. फक्त तुमचं टाइमटेबल दोघांपैकी कुणीच बघितलेलं नसतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

टेकडी म्हणजे फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, पलीकडची वेताळ टेकडी, नाहीतर पेठांकडे राहत असाल तर पर्वती. पर्वतीला 103 पायऱ्या. आकडा किरकोळ वाटतो, पण न थांबता तीनदा चढ-उतार करून बघा. खर्च काय, तर चांगल्या पकडीचे बूट.

टेकडीचा मोठा फायदा दम वाढण्यात नाही, झोपेत आहे. मार्च उजाडला की आठनंतर ऊन सोसवत नाही, म्हणजे साडेपाच-सहाला उठणं आलं आणि त्यासाठी साडेदहाला मोबाइल बाजूला ठेवणंही आलं. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं आणि रात्री झोप लवकर येते. (काका यात 'कोवळ्या उन्हातलं ड जीवनसत्त्व' घुसवतात, ते सोडून द्या. त्यासाठी लागणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारसे नसतात, दुपारच्या आसपास असतात.)

जिमचं नेमकं उलटं. ती तुमच्या वेळेप्रमाणे वागते. सकाळी साडेसातचं लेक्चर असो की संध्याकाळी लांबलेलं प्रॅक्टिकल, रात्री नऊलाही दार उघडं. पण त्यामुळेच तुमचं बिघडलेलं वेळापत्रक तसंच चालू राहतं. त्यात कुणाच्या सांगण्यावरून आधी कॅफीनवालं पेय घेतलंत, तर त्यातलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनंतरही अंगात असतं. मग दोन वाजेपर्यंत रील्स.

निव्वळ व्यायाम म्हणून बघायचं तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम सांगते, आणि वर दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटं टेकडी केली की पहिली अट पूर्ण. दुसरी राहते, कारण टेकडीवर पाय कमावले जातात, खांदे-छाती-पाठ तशीच. खोलीतल्या खोलीत जोर काढलेत तर बरीच भरपाई होते, पण अंगकाठी किरकोळ असेल आणि भरायची असेल, तर जिमला तोड नाही. वजन हळूहळू वाढवत नेण्याची सोय टेकडीवर कुठून येणार?

जिमचा खर्च मात्र फीवर थांबत नाही. महिन्याची चौकशी करायला जाता, आणि समोरचा वर्षाच्या पॅकेजवर 'आजच्या आज' सूट काढतो. त्यामागून पावडरचा डबा येतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त. मेसच्या पाणीदार आमटीतून एवढं येत नाही, हे मान्य. पण दोन अंड्यांतून 12 ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोया चंक्समधून 26 ग्रॅम मिळतात. खोलीत इंडक्शन चालत नसेल तर भाजलेले चणे आहेतच. पावडर वाईट नाही, पण पहिल्या महिन्यात तिची घाई नको.

दोन बाबतींत टेकडी साफ हरते. एक म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर वाटा निसरड्या होतात, आठवड्यात दोन दिवस बुडतात आणि मग बुडतच जातात. दुसरी सुरक्षितता. टेकड्यांवर लुटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामुळे अंधारात एकट्याने जाऊच नका. मुलींना तर हे वेगळं सांगायला नको. सोबत नसेल तर टेकडीचा हट्ट सोडून सरळ जिम बघा.

माझा कौल असा: ज्यांचं दुखणं जागरण आहे, त्यांनी दिवाळीनंतर टेकडी धरावी आणि आठवड्यातून दोनदा खोलीत जोर-बैठका माराव्यात. सकाळचं कॉलेज असेल, वजन वाढवायचं असेल किंवा सुरुवातच पावसाळ्यात करायची असेल, तर जिम; तीही शक्यतो संध्याकाळी, गर्दी सोसून. सबमिशनच्या आठवड्यात दोन्हींचे बारा वाजतात. तेव्हा जर्नल पूर्ण करता करता वीस बैठका झाल्या तरी चालेल, खाडा सलग दोन दिवसांचा होऊ नये एवढंच बघा.

आणि जिमला पैसे भरण्याआधी कॉलेजच्या फीची पावती काढून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात 'जिमखाना' म्हणून रक्कम घेतलेली असते, आणि कॅरम बोर्डच्या मागच्या खोलीत डंबेल्स धूळ खात पडलेले असतात.